काजळ आणि पालापाचोळा

आमचे आजोबा घरी शाई करीत. दिव्यावर धरलेले काजळ नुसत्या पाण्यात मिसळत नाही. वर तरंगते, नाहीतर गुठळ्या होऊन खाली बसते. आजोबा त्यात बाभळीचा डिंक घालून तासन्‌तास खलीत, तेव्हा कुठे पाणी आणि काजळ एकजीव होई. डिंक प्रत्येक कणाला जणू अंगरखा घालतो आणि कणांना एकमेकांना चिकटू देत नाही.

रसायनशास्त्र शिकणाऱ्या माझ्या भाचीने परवा विचारले, "मामा, कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या नदीत गेल्या तर तळाशीच बसतील ना?" जपानच्या सुमिओ इजिमा यांनी १९९१ साली जगापुढे आणलेल्या या नळ्या केसाहून हजारो पटींनी बारीक असतात, आज त्या बॅटऱ्यांत व प्लास्टिकमध्येही वापरल्या जातात. ज्या शहरात १९५८ पासून 'नीरी' पाण्याचा अभ्यास करीत आली आहे, तेथील मुलीला हा प्रश्न पडावा, याचे मला कौतुक वाटले.

शुद्ध पाण्यात त्या खरोखरच बसतात. पण नदीचे पाणी कधी शुद्ध असते? पाने कुजतात, माती पाझरते आणि पाण्याला फिक्या चहासारखा रंग येतो. अमेरिकेतील संशोधकांनी २००७ साली सुवानी नदीतील हे सेंद्रिय द्रव्य घेऊन प्रयोग केला. नुसत्या पाण्यातील नळ्या तासाभरात तळाशी गेल्या. सेंद्रिय द्रव्य असलेल्या पाण्यात त्या महिन्याहून अधिक काळ तरंगत राहिल्या. आजोबांच्या डिंकाचे काम तेथे कुजलेल्या पाल्याने केले! याउलट, ज्यात साबणाला फेस येत नाही अशा जड पाण्यातील कॅल्शियम या अंगरख्यांचा परस्परांतील दुरावा कमी करते, नळ्यांचे पुंजके होतात व ते खाली बसू लागतात. म्हणजे कार्बन तोच, पण विहिरीत त्याची गत एक आणि पानगळीच्या ओढ्यात दुसरी.

मी भाचीला नकाशा दाखविला. अंबाझरीकडून निघणारी नाग नदी सारे शहर ओलांडते, शहराचे सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. पुढे गोसीखुर्दचे धरण. आपल्या नळाचे पाणी तुरटीने निवळून येते. नाग नदीत जे तरंगत जाते, ते पुढे जातच राहते.

तिने नकाशावरून बोट फिरवीत विचारले, "आणि गोसीखुर्दला मासे धरतात ना, मामा?"

"धरतात," मी म्हणालो.