पत्र्याखाली

एडिसन, न्यू जर्सी

१४ एप्रिल
आमच्या गल्लीतली घरं १९५०च्या दशकातली. लाकडी सांगाडा, त्यावर फळ्या आणि सगळ्यात बाहेर साइडिंग. आमच्यावर अ‍ॅल्युमिनियमचं आहे, कुठल्यातरी जुन्या मालकाने चढवलेलं. हात फिरवला की तळव्याला खडूसारखी पांढरी पूड लागते. आई रत्नागिरीहून आल्या दिवशीच म्हणाली, "अगं, बंगला म्हणे, आणि भिंती पत्र्याच्या!"

दुपारी साइडिंगचा एक विक्रेता दारात हजर. सवलत 'फक्त आजच'. हा धंदा इथे इतका बदनाम की बॅरी लेव्हिन्सनने त्यावर 'टिन मेन' (१९८७) नावाचा विनोदी सिनेमाच काढला. दारावर झालेला असा सौदा कामाच्या तीन दिवसांत मोडता येतो, असा इथला केंद्रीय नियम आहे. तो उगाच झालेला नाही.

२ मे
साइडिंग बदलायचं ठरलं. बोलावलेले बाकीचे कॉन्ट्रॅक्टर रंगांची पुस्तकं उघडून बसले. एकानेच घराला चक्कर मारली, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उकिडवा बसला आणि विचारलं, "आत काय आहे, पाहिलंय कुणी?" काम त्यालाच. फायबर सिमेंट जास्त टिकतं, आगीलाही दाद देत नाही. पण वजनदार आणि महाग. व्हिनाइल घेतलं.

२१ मे
पट्ट्या एकमेकींत अडकवलेल्या असतात, म्हणून उकलायचं वरून खाली. पत्र्याखाली निघाली सीडरची जुनी शिंगल्स, रंग पापुद्रे सुटलेला. घरांच्या रंगात शिसं वापरायला इथे १९७८ साली बंदी आली. त्याआधीचं घर म्हटलं की संशय घ्यायचाच. कामगारांनी रंगावर तपासणीचा एक बोळा घासला, तो लालसर झाला, म्हणजे शिसं होतंच. मग जमिनीवर प्लास्टिक, तोंडाला मास्क, धूळ उडेल असं घासणं बंद. अशा घरांत काम करायला प्रमाणपत्र लागतं, २०१० पासून. आईने तुळशीची कुंडी आधीच आत नेली होती.

२२ मे
खिडकीखालच्या कोपऱ्यात मुकादमाने स्क्रूड्रायव्हर टेकवला. ठोकला नाही, नुसता टेकवला, आणि तो मुठीपर्यंत आत गेला. लाकूड काळं, ओलं, बोटाने कुस्करलं जाणारं. खिडकीच्या डोक्यावर पाणी बाहेर वळवणारी फ्लॅशिंगची पट्टी कधी बसवलेलीच नव्हती. पत्र्यामागे शिरलेलं पाणी मुरत राहिलं आणि बाहेरून भिंत छान दिसत राहिली. त्या विक्रेत्याने ह्याच्यावरच नवं साइडिंग ठोकून दिलं असतं, वर हमीपत्रही. खर्च वाढला. नवरा गप्प.

२७ मे
कुजलेला भाग कापून नवं लाकूड बसलं. त्यावर टायवेकचा कागद: पाणी अडवतो, वाफ जाऊ देतो. खालून सुरुवात, वरचा पट्टा खालच्यावर चढवायचा. आई खुर्ची टाकून पाहत होती. "कौलांसारखंच की!" तिला समजावून सांगावं लागलं नाही.

व्हिनाइल मात्र ठोकून बसवत नाहीत, टांगतात. खिळा लांबट भोकाच्या मधोमध, आणि डोकं किंचित वर. बारा फुटांची पट्टी थंडी-उन्हात सुमारे अर्धा इंच कमी-जास्त होते. घट्ट ठोकली तर उन्हाळ्यात फुगवटे येतात. मुकादम प्रत्येक पट्टी हाताने डावी-उजवीकडे सरकवून बघतो. सरकली नाही तर खिळा उपटून परत. त्याच्या हाताखालचा पोरगा वैतागतो, मुकादम ऐकत नाही.

३ जून
मागच्या गल्लीत एका घराचं व्हिनाइल वितळून लोंबलेलं पाहिलं. आग नव्हे, शेजारच्या खिडकीचं प्रतिबिंब. वीज वाचवणाऱ्या नव्या दुहेरी काचांवर उष्णता परतवणारा थर असतो, आणि काच जराशी आत वाकलेली असली की ऊन एका जागी एकवटतं.

आमच्या शेजाऱ्याकडे तशाच खिडक्या पुढच्या महिन्यात बसणार आहेत. बाहेरून जाळी लावून घे, असं त्याला उद्या सांगायला जायचंय. आई म्हणते, रिकाम्या हाताने जाऊ नकोस, रव्याचे लाडू ने.