आप्पांचं स्टिअरिंग

‘‘आप्पा, विकून टाका आता ती मारुती.’’ मी पुण्याहून फोनवर म्हटलं.

‘‘आखाजीला येशील तेव्हा बघू,’’ आप्पा म्हणाले. आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे ‘नाही’. विषय कट!

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खान्देशात हा लेकीबाळींचा सण. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, खापरावरचे मांडे आणि आमरस होतो. आमची आत्या धुळ्याला असते. वय पंचाहत्तर. पण अजूनही भाऊ मुराळी म्हणून घ्यायला आल्याशिवाय ती उंबरठा ओलांडत नाही. एसटी नको, भाड्याची टॅक्सी नको. भाऊच हवा. त्यामुळे आप्पा दरवर्षी जळगावहून धुळ्याला जातात. एरंडोल, पारोळा करत नव्वदेक किलोमीटर. आप्पा आता एकाहत्तरचे आहेत आणि गाडी आहे २००५ ची मारुती ८००. ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये पहिल्यांदा रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे कंपनीनं विषय संपवला, आप्पांनी नाही.

मी विकायचं म्हणत होतो त्याला कारण होतं. महिनाभरापूर्वी पारोळ्याजवळच्या एका वळणावर त्यांच्या हातातून स्टिअरिंग निसटलं. समोरून काही येत नव्हतं म्हणून निभावलं. हे मला आईनं सांगितलं. आप्पांनी अर्थातच नाही.

आखाजीच्या तीन दिवस आधी मी जळगावला पोचलो. पारा ४३ वर. गाडीत बसून स्टिअरिंग धरलं आणि हात काळे! वरचं कव्हर अक्षरशः वितळलं होतं. उन्हात उभ्या गाडीत असंच होतं. असल्या स्वस्त कव्हरचं प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात घातलेले पदार्थ उष्णतेनं हळूहळू बाहेर येतात, त्यात हाताचा घाम आणि तेल मिसळतं आणि सगळा चिकट गोळा होतो. त्यावर उपाय म्हणून आप्पा स्टिअरिंगला गमछा गुंडाळून गाडी चालवत होते. त्या वळणावर निसटला तो गमछा.

‘‘हे कव्हर काढून का नाही टाकलं?’’ मी आईवर ओरडलो.

‘‘तू पहिल्या पगारात आणलेलं ना रे. ते काढू देतात का!’’

माझी बोलतीच बंद. गाडी विकायचं भाषण मी पुण्याहून पाठ करून आलो होतो. ते गिळलं आणि कोपऱ्यावरच्या गॅरेजवर गेलो. सणाच्या तोंडावर त्या भाऊंना श्वास घ्यायला वेळ नव्हता. पण त्यांनी पुलर आणि टॉर्क रेंच उसना दिला, वर पाच मिनिटं फुकट क्लासही घेतला.

आता तुम्हीही लगेच पाना शोधायला उठला असाल, तर थांबा. तुमच्या स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असेल, तर हा उद्योग घरी अजिबात करायचा नाही. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे. पापणी लवायच्या आत फुगणारी ती वस्तू चुकून तोंडासमोर फुगली, तर हौस महागात पडेल. अशी गाडी सरळ सर्व्हिस सेंटरला न्यायची. आमच्या ८०० मध्ये एअरबॅगच नाही, म्हणून हे धाडस.

सकाळी सहाला अंगणात कामाला लागलो. दहानंतर खान्देशात गाडीच्या पत्र्यावर भाकरी भाजते! आधी चाकं सरळ केली. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. मग हॉर्नचं पॅड आणि त्याची वायर. आत मधोमध एक मोठा नट दिसतो. तो ढिला करायचा, पण पूर्ण काढायचा नाही, दोन-चार आटे राहू द्यायचे. का? तर अडकलेलं स्टिअरिंग एकदम सुटून नाकावर येऊ नये म्हणून! आतल्या दांड्याला बारीक दाते असतात. स्टिअरिंग बसवताना एक दाता इकडचा तिकडे झाला की गाडी सरळ जाते आणि स्टिअरिंग वाकडं दिसतं. म्हणून दांडा आणि स्टिअरिंग दोन्हींवर पांढऱ्या रंगाची एक खूण केली. मग पुलर लावून हळूहळू आवळला. ‘टक्!’ सुटलं. हातोडा मारायचा मोह होतो, पण त्या दणक्यानं आतला दांडा बिघडू शकतो.

आप्पा पायरीवर पेपर वाचत होते. म्हणजे पेपर उभा धरून माझ्याकडे बघत होते.

वितळलेलं कव्हर कात्रीनं कापून काढलं. आप्पा काही बोलले नाहीत. उरलेली चिकटी साबणाचं पाणी, जुना टूथब्रश आणि थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल यांनी निघाली. पेट्रोल किंवा थिनर वापरायचं नाही, खालचं प्लास्टिकही खराब होतं. सगळं निघाल्यावर मूळ स्टिअरिंग दिसलं. तीन ठिकाणी तडे, आणि उजवीकडे वरच्या बाजूला एक वीतभर भाग पार गुळगुळीत झिजलेला. डावा हात सारखा गिअरवर जातो, उजवा तिथेच असतो. जळगाव-धुळे, धुळे-जळगाव, सगळ्या आखाज्या त्या वीतभर जागेत होत्या.

मी पॉलिश पेपर घेऊन सगळंच घासायला लागलो. आप्पा पेपर ठेवून उठले.

‘‘तडे गेलेत ते भर. झिजलंय ते राहू दे.’’

तड्यांमध्ये एम-सील भरलं, ते रात्रभर सुकू दिलं, मग आधी जाड आणि नंतर बारीक पॉलिश पेपरनं सपाट केलं. बाजारातून शिवायचं चामडी कव्हर आणलं. नुसतं चढवायचं कव्हर स्टिअरिंगवर फिरतं, शिवलेलं घट्ट बसतं. ते दहा मिनिटं उन्हात ठेवलं की मऊ पडतं. त्या बाबतीत जळगावसारखी सोय नाही! शिवायला मी बसलो, पण चौथ्या टाक्याला आईनं सुई हिसकावून घेतली. उभा जन्म गोधड्या शिवलेला हात! दीड तासात असे टाके पडले की कारखान्याने लाजावं.

संध्याकाळी खुणेला खूण जुळवून स्टिअरिंग बसवलं. आप्पा म्हणाले, ‘‘नट मी आवळतो.’’

टॉर्क रेंच ठरलेल्या जोरापर्यंत पोचला की ‘कट्’ आवाज येतो. आप्पांनी एकदा जोर लावला. दोनदा लावला. आवाज येईना. मनगट थरथरत होतं. मी दुसरीकडे बघितलं. त्यांनी रेंच माझ्या हातात दिला.

‘‘अंधार पडल्यावर मी आता चालवत नाही,’’ नटाकडे बघतच ते म्हणाले. ‘‘समोरच्या लाइटचा त्रास होतो. आणि सकाळी हात जड असतो. त्या दिवशी नुसता गमछा नव्हता.’’

मी आवळलं. ‘कट्’ झालं.

हे फोनवर कधीच निघालं नसतं. फोनवर मी ‘विका’ म्हणायचो, ते ‘बघू’ म्हणायचे. तिथेच अंगणात बसून ठरलं. आखाजी झाली की डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं आणि हातही दाखवायचा. पंचावन्नच्या पुढे लायसन्स पाच-पाच वर्षांनीच रिन्यू होतं, त्यालाही डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. डॉक्टर नाही म्हणाले तर नाही. हे आप्पा स्वतः म्हणाले. आणि तोवर धुळ्याचा रस्ता माझ्याकडे.

बॅटरी जोडली, हॉर्न वाजवून बघितला. मग मोकळ्या मैदानात मीच हळू चक्कर मारली. स्टिअरिंग सरळ, गाडी सरळ. आप्पांनी बाजूच्या सीटवरून हात लांब करून चामड्यावरून उजव्या वरच्या भागावर अंगठा फिरवला. जागा बरोबर सापडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुळ्याला दारात गाडी थांबली, आणि आत्या गल्लीभर ऐकू जाईल अशी ओरडली, ‘‘मना भाऊ उना!’’ गाडी कोणी चालवत आणली हे तिनं विचारलंच नाही. भाऊ आला होता, बस्स.

परतताना मी स्टिअरिंगवर, आत्या पुढे आणि आप्पा मागे. पारोळ्याच्या त्या वळणावर मागून आवाज आला, ‘‘हळू. हां, असं.’’

आणि गाडी विकायचं काय?

बघू.