शेवटच्या नळाचं गणित

आमच्या गल्लीत पाण्याची एकच लाइन. मोठ्या पाइपाजवळच्या घरांत हंडे भरून वाहायचे आणि शेवटच्या घरांतला नळ नुसता फुसफुसायचा. आमचं घर शेवटचं. मग सगळ्यांनी बसून ठरवलं, जवळच्या नळांत बारीक भोकाच्या चकत्या घालायच्या. मुलीच्या बाबांनी त्या बसवल्या. भोक जमेपर्यंत चार वेळा बदलल्या.

मुलगी आता पेट्रोलियम इंजिनिअरिंगला आहे. परवा होस्टेलवरून तिचा रडत फोन आला. "आई, मला हे जमत नाही. मी घरी येते."

आमच्या पोटात धस्स झालं. फीसाठी पतपेढीचं कर्ज काढलेलं. बाबांनी फोन घेतला. "काय जमत नाही, ते मला कळेल असं सांग."

ती सांगू लागली. नॉर्वेच्या समुद्रात ट्रोल नावाचं तेलक्षेत्र आहे. १९७९ साली सापडलं. तिथं तेलाचा थर पातळ, काही भागात ११ ते १३ मीटरच. वर गॅस, खाली पाणी. म्हणून विहीर थरातून आडवी नेतात. पण तिची जवळची बाजू जास्त ओढते. तिथं गॅस किंवा पाणी आधी घुसतं आणि लांबचं तेल जमिनीतच राहतं. म्हणून पाइपावर जागोजागी बारीक छिद्रांची साधनं बसवतात. त्यांना इनफ्लो कंट्रोल डिव्हाइस म्हणतात.

"अगं, ही तर आपल्या नळातली चकती!" बाबा म्हणाले.

पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाली, "पण बाबा, तुम्ही चकती चार वेळा बदललीत. विहिरीत उतरवलेलं साधं छिद्र मागाहून बदलता येत नाही. म्हणून आधी कॉम्प्युटरवर विहीर मांडायची, तिचे तुकडे पाडायचे, प्रत्येकाचा दाब काढायचा. छिद्रातला प्रवाह दुप्पट झाला की दाबाचा तोटा चौपट होतो. जो जास्त ओढतो, तोच जास्त अडतो."

"आणि भोक फारच बारीक ठेवलं तर?"

"तर एकूण तेलच कमी येईल."

"आमचंही पहिल्यांदा तेच झालं होतं, बाळा."

ती हसली. घरी यायचं नाव पुन्हा काढलं नाही. दोन दिवसांनी फोन आला, कॉम्प्युटरवरची विहीर चालली.

आईबापांनो, मुलांच्या पुस्तकातलं आपल्याला कळत नाही म्हणून गप्प बसू नका. विचारा. आपल्याला समजावता समजावता त्यांना स्वतःलाच उमगतं. आणि आपल्या हातांनी केलेलं काम हेही शिक्षणच आहे, हे आम्हाला त्या रात्री कळलं.