रिकामपणी कोसळणारा संगणक

घरचा संगणक मध्येच रीस्टार्ट व्हायला लागला की आपला पहिला संशय विजेवर जातो आणि दुसरा उन्हावर. नागपुरात मे महिन्यात हे दोन्ही संशय वाजवीच. माझ्या संगणकाचं वागणं मात्र दोन्हींत बसेना. व्हिडिओचं रेंडरिंग तासन्‌तास चाललं, पंखे घोंघावत राहिले, तरी तो ढिम्म हलायचा नाही. काम संपलं, काही चालू नाही, अशा वेळी पडदा काळा व्हायचा आणि तो आपसूक पुन्हा सुरू व्हायचा.

प्रोसेसरचा वेग मी वाढवलेला होता. या ओव्हरक्लॉकिंगच्या नादाचं मला मनापासून अप्रूप आहे. उष्णता, चिपचं वय, विजेतले चढउतार यांसाठी प्रत्येक चिपमध्ये थोडी राखीव क्षमता सोडलेली असते. ती किती आहे हे आपल्या हाताने चाचपून पाहायचं. १९९८ सालच्या इंटेल सेलेरॉन ३००ए चं नाव जुने लोक अजून काढतात ते यासाठीच. गुणक साडेचारच ठेवून बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० ची चिप ४५० वर पळायची. पण राखीव म्हणजे फुकट नव्हे. घड्याळाचा पुढचा ठोका पडायच्या आत प्रत्येक सिग्नल जागेवर पोचलाच पाहिजे. त्यासाठी व्होल्टेज वाढवावं, तर विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात चढतो आणि उष्णताही.

म्हणून मी उलटी वाट धरली होती. व्होल्टेज किंचित उतरवलं, चिप थंड राहिली, आणि थंड राहिल्यामुळे ती स्वतःहून वरच्या वेगावर चढू लागली.

शोध घेताना आधी विंडोजचं आपोआप रीस्टार्ट होणं बंद केलं, म्हणजे निळा पडदा आलाच तर वाचता यावा. तो आला नाही. इव्हेंट व्ह्यूअरमधली ४१ क्रमांकाची नोंद एवढंच सांगते की संगणक नीट बंद झाला नव्हता. कारण सांगत नाही. मग बायोस मूळ सेटिंगवर नेलं. रीस्टार्ट थांबले. वीज, एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग), ऊन, सगळे एका फटक्यात संशयातून सुटले. पुढे एकेक गोष्ट परत आणायची आणि वाट पाहायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या की मिळालेलं उत्तर कशाचं, ते कळत नाही. अखेर हार्डवेअरच्या चुकांच्या नोंदींत प्रत्येक वेळी एकाच कोअरचा क्रमांक दिसला.

सगळे कोअर राबत असतात तेव्हा प्रोसेसर जरा खालच्या वेगावर असतो. काम नसताना एखादंच चिल्लर काम आलं की तो एकाच कोअरला क्षणभर सर्वांत वरच्या वेगावर नेतो. त्या उंचीवर माझं उतरवलेलं व्होल्टेज पुरत नव्हतं, आणि मी रात्रभर चालवलेली जड चाचणी तिथवर कधी जातच नव्हती.

रीस्टार्टचा मला राग नाही. भीती आहे ती न कोसळता चुकणाऱ्या संगणकाची. प्राइम९५ हा प्रोग्रॅम मर्सेन मूळ संख्या शोधण्यासाठी जन्मला. एक बिट चुकला तरी सगळी आकडेमोड वाया जाते, म्हणून तो स्वतःलाच तपासत राहतो. ओव्हरक्लॉक करणाऱ्यांनी त्यालाच कसोटी मानलं ते त्यामुळे. मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी २००५ साली असे क्रॅश सांगितले होते, जे रजिस्टर शून्य करणाऱ्या साध्या सूचनेवर झाले होते. ती सूचना फसूच शकत नाही. त्यांतले काही संगणक दुकानदाराने ओव्हरक्लॉक करून विकलेले निघाले, घेणाऱ्याला पत्ताही नव्हता.

माझ्या हिशेबाच्या फायली आणि फोटो स्वतःला तपासत नाहीत. त्या एका कोअरला त्याचं व्होल्टेज परत दिलंय, बाकीचे आहेत तसेच ठेवलेत. व्होल्टेज कमी होतं त्या काळात संगणकावर घेतलेल्या फोटोंची मेमरी कार्डांवरच्या मूळ फायलींशी बिट-बिट तुलना अजून चालू आहे.