बॅटरीची पट्टी रंगवताना

पाली, तालुका वेल्हे (आताचा राजगड)

चि. सोनू,

आबांची मारुती 800 तू पुण्याला नेणार, याचा मला आनंद आहे. पण बॉनेटखाली सगळं रंगवून काढायचा तुझा बेत मला पटलेला नाही. इंजिनवर लाल रंग, पाइपांना चंदेरी, हे दिसायला छान. पण गॅस्केटच्या कडेवरून रंग फिरला की ऑइल कुठून पाझरतंय ते कळत नाही. जुन्या गाडीत ते कळायलाच हवं. रंगवायचीच हौस असेल तर बॅटरी जागेवर धरून ठेवणारी लोखंडी पट्टी रंगव. ती गंजून पापुद्रे सुटायला लागलीय, आणि ती तुटली तर पाबे घाटातल्या वळणावर बॅटरी सरकेल. तिची टोकं उघड्या लोखंडाला चिकटली की ठिणग्याच.

आबांनी गाडी घेतली त्यानंतर लवकरच, एप्रिल 2010 पासून, पुणे-सोलापूर धरून 13 शहरांत ही गाडी विकणं बंद झालं. भारत स्टेज 4 च्या नियमात ती बसेना. कारखान्यात तिचं उत्पादन थांबलं जानेवारी 2014 मध्ये. आपल्या गाडीची 15 वर्षांनंतरची फेरनोंदणी झालेली आहे, म्हणजे कागद ठीक आहेत. आता लोखंड सांभाळायचं.

पट्टी का गंजली ते आधी बघ. आपल्याकडचा पाऊस तुला ठाऊक आहे, पण सगळा दोष पावसाचा नाही. चार्ज होताना बॅटरीतून वायू निघतो, त्याबरोबर गंधकाम्लाचे बारीक तुषार उडतात आणि वरच्या पट्टीवर बसतात. आम्ल रंग खातं, मग दमट हवेला लोखंड मोकळं सापडतं. डिस्टिल्ड वॉटर काठोकाठ भरलं तर हे आणखी वाढतं. म्हणून इंजिन चालू ठेवून मल्टिमीटर लाव. साधारण 14 व्होल्ट दिसले तर बरं. 15 च्या पुढे जात असेल तर आधी इलेक्ट्रिशियनकडे जा. तो दोष तसाच ठेवून दिलेला रंग पुढच्या पावसाळ्यापर्यंतही टिकायचा नाही.

काढताना निगेटिव्हची वायर आधी सोडायची, लावताना शेवटी. उलटं केलंस आणि पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला, तर शॉर्ट झालाच म्हणून समज. हातमोजे आणि चष्मा घाल. पट्टी गाडीतून बाहेर काढूनच सगळं काम कर. पाण्यात खाण्याचा सोडा कालवून तिच्यावर ओत, फेस येईल. फेस यायचा थांबला की आम्ल संपलं. बॅटरीचा ट्रेही याच पाण्याने फडक्याने पूस, पण सोड्याचं पाणी बॅटरीच्या बुचांतून आत जाऊ देऊ नकोस, नाहीतर आतलं आम्लच निकामी होईल. मग पट्टी साध्या पाण्याने धुऊन उन्हात चांगली वाळव.

खरं काम इथून पुढे, आणि इथेच लोक कंटाळतात. वायर ब्रशने पापुद्रे काढ, मग 80 नंबरचा पॉलिश पेपर, मग 220 चा. खड्ड्यांतला काळा गंजही निघाला पाहिजे. कडा किंचित गोल कर. धारदार कडेवर रंग पातळ बसतो आणि गंज तिथूनच शिरतो. थिनरच्या फडक्याने पुसल्यावर पट्टीला उघड्या बोटांनी हात लावायचा नाही, कारण हाताचं तेल रंगाखाली राहतं.

हार्डवेअरवाला रेड ऑक्साइड देईल. गंमत बघ, त्याचा तांबडा रंगही लोहाच्या ऑक्साइडचाच, म्हणजे गंजाचाच सख्खा भाऊ. खिडकीच्या गजांना तो चालतो, पण इथे आम्लाशी गाठ आहे. दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर माग आणि वर काळा इपॉक्सीच दे. सायलेन्सरसाठी मिळणारा उष्णता सोसणारा महाग रंग या पट्टीला लागत नाही. हात पातळ मार. एकदम जाड दिलास तर ओघळ येतात आणि आतला थर ओला राहतो. दोन हातांमध्ये किती थांबायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं, तेवढं थांब.

हे सगळं पडवीत कर, स्वयंपाकघरापासून लांब; थिनरची वाफ पेटते. आणि पावसाळ्यात नकोच. डोंगरावरून ढग खाली उतरले की इथली हवा इतकी ओली होते की ताज्या रंगावर दुधाळ झाक येते. दसऱ्यानंतरचं कोरडं ऊन धर.

पट्टी परत बसवताना बॅटरी हलणार नाही इतकीच आवळ, जास्त आवळलीस तर बॅटरीच्या कवचाला तडा जातो. टोकांना पेट्रोलियम जेली लाव.

बाकी बॉनेटखाली ओल्या फडक्याने धूळ पुसलीस तरी पुरे. प्रायमर वेल्ह्यात मिळेल याची खात्री नाही, तेव्हा येताना पुण्याहूनच छोटा डबा घेऊन ये, आणि 220 चे चार पेपरही.

तुझा,
काका