पावर तीनशे तीस

मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावी पौष पौर्णिमेला यात्रा भरते. येणारी माणसं आधी म्हसोबाचं दर्शन घेतात आणि मग कोणी बैलबाजाराकडे वळतं, कोणी घोंगड्यांच्या दुकानांकडे. या दोहोंच्या मधल्या वाटेवर फुगे, पिपाण्या आणि प्लास्टिकच्या बंदुकांची एक गाडी उभी होती. गाडीच्या दांडीला सोनेरी पत्त्यांच्या पुड्या माळेसारख्या टांगलेल्या, उन्हात नुसत्या लखलखत होत्या. खाली धुळीत तीन पोरं उकिडवी बसलेली. त्यातला एक एकदम ओरडला, ‘‘पावर तीनशे तीस!’’ समोरच्याने हातातल्या पत्त्याकडे एकदा पाहिलं आणि निमूटपणे तो जिंकणाऱ्याच्या तळहातावर ठेवला. रडारड नाही, वाद नाही.

तो पत्ता पुठ्ठ्याचा नव्हता. पातळ, लवचीक प्लास्टिक, त्यावर सोनेरी मुलामा. अंगठा फिरवला की चित्राच्या उठावाच्या रेघा बोटाला लागतात. पंख पसरून जाळ ओकणारा, पोकेमॉन खेळातला चॅरिझार्ड व्हीमॅक्स. पोरं त्याला सरळ ड्रॅगन म्हणतात. वरच्या कोपऱ्यात एचपी आणि त्याच्यापुढे ३३० चा आकडा. खाली बारीक इंग्रजीत खेळाचे नियम, पण ते कोणी वाचत नाही. हे पत्ते नकली आहेत. पोकेमॉनचे खरे पत्ते पुठ्ठ्यावर छापतात आणि ते या गाडीवर येत नाहीत. नकली पत्त्यांबरोबर खेळ कसा खेळायचा हे सांगणारंही कोणी आलं नाही. म्हणून पोरांनी आपला नियम केला: मोठा आकडा जिंकतो, हरलेल्याचा पत्ता जिंकणाऱ्याचा. खऱ्या खेळात एचपी म्हणजे मार सोसण्याची ताकद. इथे तीच मारण्याची ताकद झाली, आणि डाव काही अडला नाही.

हा नियम त्यांनी हवेतून काढलेला नाही. थोरल्या भावांकडून, मामांकडून तो हाती आला आहे. नव्वदीच्या दशकात शाळेच्या दप्तरात ट्रम्प कार्डं असायची, क्रिकेटपटूंची आणि पैलवानांची. उंची, वजन, छाती, दंड. नाहीतर सामने, धावा, बळी, झेल. आपल्या पत्त्यावरचा भारी आकडा हेरायचा, तो मोठ्याने पुकारायचा आणि समोरच्याचा पत्ता खेचायचा. भारताच्या संघाबाहेर कुठल्या देशात कोण कसा खेळतो, हे ज्यांच्या घरी टीव्ही नव्हता त्या मुलांना या पत्त्यांनी शिकवलं. कोर्टनी वॉल्शचे बळी तोंडपाठ असलेला मुलगा पाढ्यांत मागे असू शकतो, आणि त्याला मठ्ठ म्हणणाऱ्याने कधी ट्रम्प कार्डांचा डाव पाहिलेला नसतो.

पलीकडे बैलबाजारात तरी वेगळं काय चाललं होतं? एक शेतकरी बैलाचा ओठ वर करून दात बघत होता. आदत आहे, दोन दाती आहे की चार दाती. मग वशिंड, मग शिंगांची ठेवण, मग चार पावलं चालवून चाल. प्रत्येक गोष्ट म्हणजे पत्त्यावरची एक ओळ. सौदा उपरण्याखाली, बोटं दाबून. आकडा फक्त दोघांना ठाऊक. पोरांचा आकडा मात्र उघडा, साऱ्या जत्रेला ऐकू जाईल असा.

पोकेमॉनचा खरा खेळ विलक्षण आहे, आणि तो या पोरांपर्यंत पोहोचायला हवा. प्रत्येकाकडे ६० पत्त्यांची गड्डी. डावाच्या सुरुवातीला त्यातले ६ पत्ते न बघता पालथे बाजूला ठेवायचे. त्यांना बक्षिसाचे पत्ते म्हणतात. समोरच्याचा पोकेमॉन पाडला की त्यातला एक उचलायचा. सहाही उचलले की जिंकलात. म्हणजे बक्षीस मिळतं ते आपल्याच गड्डीतलं, आपणच आधी गहाण ठेवलेलं. आणि तो तीनशे तीसवाला व्हीमॅक्स पडला, तर समोरचा एक नाही, तीन पत्ते उचलतो. जेवढा मोठा मोहरा, तेवढा मोठा घाटा. बैल घेणाऱ्या माणसाला हे लगेच कळेल.

आपलंच आपल्याला बक्षीस म्हणून मिळणं, हे शेजारच्या शहापूर तालुक्यात तरी नवं नाही. तानसा, भातसा ही मुंबईला पाणी पाजणारी धरणं याच तालुक्यात आहेत. तानसा तर १८९२ सालचं. एप्रिल-मे उजाडला की याच तालुक्याच्या पाड्यांवर टँकर येतो आणि बाया हंडे घेऊन रांग लावतात.

पुन्हा त्या पत्त्यांकडे. सातोशी ताजिरी या जपानी माणसाला लहानपणी टोकियोच्या वेशीवर किडे पकडायचा नाद होता. तळी बुजली, घरं उठली, किडे गेले. त्या नादातून त्याने पोकेमॉन उभा केला. १९९६ मध्ये आधी व्हिडिओ गेम आला आणि त्याच वर्षी पत्ते. मुरबाडकडची पोरं अजूनही पावसाळा सरता सरता चतुराच्या शेपटीला दोरा बांधतात. त्यांना ताजिरी सांगावा लागणार नाही. पोकेमॉनचे इंग्रजी पत्ते विझर्ड्स ऑफ द कोस्ट या अमेरिकी कंपनीने १९९९ मध्ये बाजारात आणले.

१९९९. त्या वर्षी शहापूरजवळच्या आसनगावात सातवी सुटलेला एक मुलगा रन गोळा करत होता.

रन म्हणजे कागदावरचे. इंग्लंडमध्ये विश्वचषक होता आणि ब्रिटानियाने ‘ब्रिटानिया खाओ, वर्ल्ड कप जाओ’ अशी योजना काढली होती. बिस्किटांच्या वेष्टनावर रन छापलेले. १०० रन जमले की ती वेष्टनं देऊन एक पुस्तिका घ्यायची. पुस्तिकेत एक जागा खरवडायची. नशीब असलं तर थेट इंग्लंड. या मुलाच्या घरी बिस्किटांचा पुडा पाहुणा आला तरच फुटायचा. शंभर रन खाऊन जमवायचे म्हटलं तर दुसरा विश्वचषक उजाडला असता. पण आसनगावला स्टेशन आहे. कसाऱ्याहून येणारी लोकल पकडायला माणसं पहाटेपासून फलाटावर उभी असतात, चहात बिस्किट बुडवून खातात आणि वेष्टन तिथंच टाकतात. मुलगा पहाटे उठून फलाटावर जायला लागला. आईला वाटलं, पोराला व्यायामाची गोडी लागली.

चुरगळलेली वेष्टनं तो घरी आणून तांब्याच्या बुडाने सरळ करायचा. रनांचा आकडा असलेला तुकडा कात्रीने कापायचा आणि भूगोलाच्या जुन्या वहीत शितांनी चिकटवायचा. डिंकाला पैसे पडतात, भात घरचा. दर पानाखाली बेरीज. मागच्या पानावर उधारी: कोणाला किती रन दिले, कोणाकडून किती यायचे. गावातल्या सगळ्या मुलांत हा व्यापार चालू होता. सचिनचं ट्रम्प कार्ड देऊन रन घेता येत होते, एक चांगली काचेची गोटी देऊन थोडे, आणि भोवरा दिला तर भाव जागेवर ठरायचा. कंपनीने रन बिस्किटांसाठी छापले होते. आसनगावात ते चलन झालं होतं.

त्यातच १९ मेला बातमी आली, सचिनचे वडील गेले. रमेश तेंडुलकर कवी होते, मराठीचे प्राध्यापक होते. सचिन इंग्लंडहून मुंबईला आला, अंत्यविधी करून परतला आणि २३ मेला ब्रिस्टलला केनियाविरुद्ध नाबाद १४० केल्या. शतक झाल्यावर त्याने वर आभाळाकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी आसनगावात सचिनच्या कार्डाचा सौदा करायला कोणी तयार होईना. ज्यांनी ते रनांसाठी देऊन टाकलं होतं ते परत मागत होते. त्या कार्डावर सामने होते, धावा होत्या, झेल होते. वडिलांना निरोप देऊन येऊन केलेलं हे शतक कुठल्याच रकान्यात नव्हतं, आणि तरी त्याच दिवशी त्या कार्डाची किंमत ठरली. पत्त्यांच्या किमतीबद्दल जगात कितीही लिहिलेलं असो, ती ठरते अशी.

२६ मेला टाँटनला भारत-श्रीलंका. वीज गेलेली, म्हणून ट्रान्झिस्टर. गांगुली १८३, द्रविड १४५, दोघांची भागीदारी ३१८ धावांची. मुलगा वही मांडीवर घेऊन ऐकत होता. वहीत तेव्हा ६३ रन होते. गांगुलीच्या एकट्याच्या रनांत जवळपास दोन पुस्तिका आल्या असत्या, हा हिशेब त्याने समालोचकाच्या आवाजावर मान डोलवत मनातल्या मनात केला आणि त्याला गांगुलीबद्दल जी माया वाटली ती अजून उतरलेली नाही.

मग शितांना मुंग्या लागल्या. एका सकाळी वही उघडली तर पानापानांतून लाल रांग, आणि तीन-चार तुकड्यांवरचे आकडे कुरतडलेले. त्याने वही उन्हात ठेवली, मुंग्या झटकल्या आणि उरलेल्यांची पुन्हा बेरीज केली. शंभर जमले ते मृगाच्या तोंडावर. पुस्तिका मिळाली. आठाण्याच्या नाण्याने त्याने ती जागा खरवडली. इंग्लंड निघालं नाही. काय निघालं ते आता चाळिशीला टेकलेल्या त्या माणसाला आठवत नाही. अंगठ्याच्या नखात अडकलेली राखाडी भुकटी आणि तिचा वास मात्र तो आजही सांगतो.

अमेरिकेत पत्त्यांच्या खेळाला बक्षिसाची जोड देणाऱ्यांनी एक फार चांगली गोष्ट केली होती. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने रचलेला, १९९३ मध्ये आलेला खेळ. पत्त्यांचा संग्रह करायचा आणि त्याच पत्त्यांनी खेळायचंही, ही रीत तिथून रूढ झाली. विझर्ड्स ऑफ द कोस्टने २००१ मध्ये त्याच्या खेळाडूंसाठी बक्षीस योजना सुरू केली. अधिकृत स्पर्धांत किती वेळा खेळलात हे मोजायचं आणि त्याप्रमाणे खास पत्ते घरी टपालाने पाठवायचे. जिंकणाऱ्यालाच नव्हे, येणाऱ्यालाही. दर शुक्रवारी स्पर्धेला जाऊन दर शुक्रवारी हरणाऱ्याच्या घरीही लिफाफा यायचा. बक्षीस असावं तर असं.

त्यातल्या पुढच्या काही पत्त्यांवर नियमांचा मजकूर नसायचाच. नाव असायचं, चित्र असायचं. नियम खेळणाऱ्याने लक्षात ठेवायचा. संग्राहक आजही हे बिनमजकुराचे पत्ते जपून ठेवतात. म्हशातली पोरं बारीक इंग्रजीवरून नजर फिरवून थेट ड्रॅगनकडे बघतात, त्यांच्या हातातलाही प्रत्येक पत्ता बिनमजकुराचाच आहे. विझर्ड्सची ती योजना २०११ मध्ये बंद झाली.

येणाऱ्याला बक्षीस, ही कल्पना मुरबाड-शहापूरला त्याच्याही आधी येऊन गेली आहे. १९९२ मध्ये राज्यात प्राथमिक शाळेतल्या गरीब आणि आदिवासी मुलींसाठी उपस्थिती भत्ता सुरू झाला. शाळेत आलं की दिवसाला १ रुपया. पहिला नंबर नको, गुण नकोत. हजेरीपटावर खूण पडली पाहिजे. रुपयाला तेव्हा किंमत होती, आता लिमलेटची गोळी येते. तो वाढायला हवा होता, कारण त्यामागचं मन चांगलं होतं.

पण दिवाळी झाली की कातकरी पाडे ओस पडू लागतात. अख्खी कुटुंबं कल्याण-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात, पोरींसकट, आणि पावसाच्या तोंडावर परततात. तेवढे महिने पटावर खूण नाही, रुपया नाही. भट्टीवर मजुरी हजार विटांमागे. आई माती कालवते, बाप साच्यात थापतो, पोरं ओल्या विटा उन्हात मांडतात. दुपारी साचे थांबले की तिथेही पत्ते निघतात, कोपरे झडलेले, सोनं उडालेलं, कुठल्या तरी जत्रेतून आणलेले. सुकत घातलेल्या विटांची रांग हाच पाट. साताठ वर्षांची एक पोरगी आपला पत्ता विटेवर थापते आणि आकडा वाचता येत नाही म्हणून धाकट्या भावाकडे बघते. तो सांगतो, तीनशे तीस. किती होतात, असं ती विचारते. तो मांडलेल्या विटांकडे बोट करून मोजायला लागतो आणि चौथ्या रांगेच्या पुढे जातो.