बावीस विमाने

आक्काच्या पोराची पेटी तीन वेळा उघडावी लागली. शेजाऱ्याने दिलेल्या ताणकाट्यावर ती ठरलेल्या वजनाहून साडेचार किलो जड भरली होती. विमानतळाच्या दाराबाहेर, त्या उंच पांढऱ्या खांबांच्या सावलीत बसून काय ठेवावे आणि काय काढावे, याचा आम्ही तिघे खल करीत होतो. भूमच्या खव्याचे पेढे राहिले, शेंगदाण्याची चटणी राहिली. धपाटी मात्र निम्मी बाहेर आली. तुळजापूरच्या कुंकवाची पुडी आक्काने स्वतःच्या हाताने त्याच्या सदऱ्याच्या खिशात घातली. तिला वजन नसते, असे तिचे म्हणणे पडले.

भाचा वायरमन. दुबईला दोन वर्षांच्या कराराने निघाला होता. सोयाबीनने लागोपाठ दोन वर्षे दगा दिल्यावर घरात दुसरी वाट उरली नव्हती. दाराशी जवानाने त्याचा पासपोर्ट पाहिला, तोंड पाहिले आणि त्याला आत सोडले. धाराशिवच्या बसस्थानकावर निरोप द्यायला आलेला माणूस एस.टी.च्या खिडकीला धरून चार पावले पळू तरी शकतो. येथे मध्ये काच होती. काचेपलीकडे पोरगा एकदा वळला, हात हलवला, आणि गर्दीत मिसळून गेला.

"त्याचं इमान दिसंल का रं?" आक्काने विचारले.

"दिसेल की!" मी म्हणालो. 'ठाऊक नाही' असे म्हणण्याची सवय शाळामास्तराला नसते.

तसा मी अगदीच अडाणी नव्हतो. मुंबईच्या मोठ्या धावपट्टीचा क्रमांक सत्तावीस आहे, हे मी वाचले होते. सत्तावीस म्हणजे २७० अंश. म्हणजे नीट पश्चिम. पाखरू जसे वाऱ्याकडे तोंड करून उडते, तसेच विमानही वाऱ्याला सामोरे जाऊन उडते. मुंबईचा वारा बहुतेक समुद्रावरून येतो. तेव्हा सहारहून सुटलेले विमान विलेपार्ले ओलांडून जुहूवरून समुद्रावर जाणार, हे मी मनाशी ताडले आणि रिक्षा केली.

रिक्षा सहारमधून निघाली. सहार हे ईस्ट इंडियन लोकांचे जुने गावठाण. त्याच्या नावाने हा विमानतळ पुष्कळ वर्षे ओळखला जाई. त्याआधी सगळे सांताक्रूझच म्हणत. १९९९ साली त्याला छत्रपती शिवाजींचे नाव मिळाले, आणि २०१८ मध्ये त्यापुढे 'महाराज' आले. आजची काचेची भव्य इमारत २०१४ ची.

जुहूच्या वाळूत आम्ही बसलो, तेव्हा पावणेचार झाले होते. विमानाची वेळ चार वाजून दहा मिनिटांची. आक्काने आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला. पण पाहिला असे तरी कसे म्हणू? तिची मान वरच होती.

वेळ जावा म्हणून मी तिला गोष्ट सांगू लागलो. विमानतळ आधी येथे जुहूलाच होता, १९२८ पासूनचा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा एका लहानशा विमानात टपालाच्या पिशव्या घालून कराचीहून एकटे निघाले आणि अहमदाबादला थांबून येथे उतरले. अहमदाबादेत त्यांच्या विमानाला लागणारे पेट्रोल बैलगाडीतून आणले होते, असे सांगतात.

"बैलगाडीतून?" आक्काने प्रथमच माझ्याकडे पाहिले. विमानाच्या सगळ्या कथेत ओळखीचे असे तिला तेवढेच सापडले होते.

पुढे महायुद्ध आले. जुहूची जागा तोकडी पडली, म्हणून इंग्रजांच्या हवाई दलाने सांताक्रूझला मोठा तळ केला. १९४६ मध्ये तो मुलकी वाहतुकीसाठी मिळाला, तेव्हा दोन रिकाम्या हँगरांतच उतारूंची सोय केली होती. १९४८ च्या ८ जूनला 'मलबार प्रिन्सेस' नावाचे विमान ३५ उतारू घेऊन कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले, ते येथूनच. आपल्या देशाचे युरोपला जाणारे ते पहिले प्रवासी विमान. दोन विमानतळ इतके जवळ असल्याने घोटाळेही झाले. सप्टेंबर १९७२ मध्ये जपानचे एक भले थोरले विमान सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड पट्टीवर उतरले आणि पुढे जाऊन खड्ड्यात थांबले. ही गोष्ट मी आक्काला सांगितली नाही. काही गोष्टी योग्य वेळी न सांगण्यातच मास्तरकी असते.

एवढ्यात डोक्यावरून एक विमान गेले. मग दुसरे. मुंबईला धावपट्ट्या दोन; पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी काम करता येत नाही. तरी ८ डिसेंबर २०१८ या एका दिवसात तेथे १,००७ विमानांची चढउतार झाली. भागाकार केला, तर दर ८६ सेकंदांना एक! त्यांतली निम्मी उतरणारी, निम्मी उडणारी. पट्टीखालून मिठी नदी वाहते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. आमच्या जिल्ह्यावर सबंध वर्षात सरासरीने पडतो, त्याहून जास्त! तेव्हा हा विमानतळ बंद ठेवावा लागला होता. इतका ताण एका पट्टीने किती सोसावा? म्हणून नवी मुंबईला दुसरा विमानतळ बांधला. २०२५ च्या नाताळात तेथून प्रवासी विमाने उडू लागली. धावपट्टी आमच्या धाराशिवलाही आहे. २००९ मध्ये लातूर, नांदेड, बारामती आणि यवतमाळच्या पट्ट्यांबरोबर ती एका खासगी कंपनीला दीर्घ मुदतीच्या भाड्याने दिली होती. पण तेथून दुबईला कोण जाणार? पोरांना आधी रात्रीची रेल्वे गाठावी लागते.

चार वाजून पंधरा मिनिटांनी एक मोठे विमान आवाज करीत आले.

"ह्येच का रं?"

"हेच," मी म्हणालो.

आक्का उभी राहिली. पदर डोक्यावरून घेऊन तिने हात जोडले. विमान समुद्रावर वळून ठिपक्याएवढे झाले, तरी तिचे हात खाली आले नव्हते. आणि नेमका त्याच वेळी माझ्या खिशातला फोन वाजला. भाच्याचा निरोप होता : 'मामा, इमान अजून जागचं हाललं नाही. तासभर उशीर हाय म्हणत्यात.'

मी फोन खिशात ठेवला. सांगावे, असे दोनदा ओठांवर आले. पण तिचा चेहरा इतका निवांत झाला होता, की माझे धैर्य होईना. "निघू या," म्हटले, तर ती म्हणाली, "बस जरा. गार वारं हाय." मग प्रत्येक विमान आले, की ती मान वर करी आणि हात जोडी. म्हातारपण लवकर आले की काय, अशी शंका माझ्या मनात आली. साडेपाचच्या सुमारास 'निघालो' असा एका शब्दाचा निरोप आला होता, तो मी वाचला, आणि आम्ही उठलो.

रात्री लातूरच्या गाडीत, कल्याण मागे पडल्यावर, मला राहवेना. खरे काय ते सांगून टाकले.

आक्का खिडकीबाहेर बघत होती. "ठावं हाय मला," ती म्हणाली, "फोन वाजला तवा तुझं त्वांड बघितलं की मी."

"मग बोलली का नाहीस?"

"तू एवढं सांगत हुतास, म्हटलं ऱ्हाऊ दे. पर मंग एकबी इमान सोडलं न्हाई. बावीस मोजली. त्यांतलं एक त्याचं असंलच की."

मी मनात भागाकार केला. पहिल्या विमानानंतर आम्ही सत्तर-पंचाहत्तर मिनिटे बसलो होतो. त्या विक्रमी दिवसाच्या हिशेबाने चोवीस तरी यायला हवी होती. मी तसे म्हणालो.

"दोन गेली आसतील," ती पांघरूण ओढून घेत म्हणाली, "मी पानी पीत हुते तवा."